विमानाला कडता नाही

मी विमान चालवायला शिकणार ही बातमी नेकनूरमध्ये पसरली तेव्हा बऱ्याच जणांचा समज झाला की आम्ही विमान विकत घेतोय. अप्पांच्या आडतीवर माल घेऊन येणारा प्रत्येक जण बसल्या बसल्या विचारायचा, "पोरीसाठी इमान बघायला गेलते म्हणं. केवढ्याला हाय?" अप्पा, म्हणजे माझे वडील, कपाळावरचं भस्म जराही न हलवता सांगायचे, "घ्यायचं न्हाई. तासावर हाय. ट्रॅक्टरवानी." मग पुढे कुणाला काही विचारायचं उरत नसे. तासावरचा ट्रॅक्टर सगळ्यांच्या ओळखीचा.

आणि ते खरंच होतं. शिकाऊ विमान तासाच्या भाड्यावर मिळतं आणि परवान्यासाठी निदान चाळीस तास उडावं लागतं. माझ्याकडे होता तो मावेजा. मांजरसुंब्याजवळचा आमच्या जमिनीचा एक तुकडा रुंदीकरणात रस्त्याखाली गेला आणि अप्पांनी त्यातला माझा हिस्सा माझ्या खात्यावर टाकला. "लग्नाला ठेव न्हाईतर उडव," एवढंच म्हणाले. तेवढ्यात चाळीस तास बसवणारं विमान सापडलं तर मला परवाना मिळणार होता. नाहीतर अर्ध्यातच पैसे संपून मी घरी येणार होते, आणि अर्धा शिकलेला वैमानिक कुणाच्याच कामाचा नसतो. त्यामुळे विमान निवडणं हीच माझी पहिली परीक्षा होती.

मी पत्रकांवर वाढले. आई शाळेत शिकवायची आणि सुट्टीत मोर्च्यांना जायची. हुंड्याविरुद्धचं, रोजगार हमीचं, ऊसतोड मजुरांच्या मुलांच्या शाळेचं, प्रत्येक लढ्याचे उरलेले गठ्ठे आडतीच्या माळ्यावर येऊन पडायचे. दुपारी पोत्यांच्या थप्पीवर पालथी पडून मी ते वाचायचे. त्यामुळे दोन सवयी लागल्या. एक म्हणजे अन्याय दिसला की हात कागदाकडे जातो. दुसरी वाईट आहे: छापलेल्या मजकुरावर माझा पटकन विश्वास बसतो.

विमान शिकण्यामागेही असलाच विचार होता. आमच्या डोक्यावरून रोज विमानं जातात आणि त्यांत आमच्याकडचं कुणी नसतं, चालवायला तर नाहीच. आकाश कुणी वाटून घेतलेलं नाही, मग तिथे जायला आम्हाला कुणाची परवानगी लागावी? असं मी मैत्रिणींना तावातावाने सांगायचे. त्या विचारायच्या, "आधी स्कूटी तर नीट चालव."

विमान शिकवणारी संस्था आमच्यापासून चार तासांवर होती. तिचं माहितीपत्रक मी पाठ केलं होतं. गुळगुळीत कागद, तीन विमानांचे फोटो, प्रत्येकाखाली तासाचा दर. सगळ्यात स्वस्त होतं एक नवंकोरं, पांढरं, अगदी हलकं दोन आसनी विमान. मी हिशेब करून ठेवला. चाळीस तास उडून वर दहा तास शिल्लक राहत होते. मी त्याला मनातल्या मनात माझं विमान म्हणायलाही लागले होते.

पहिल्या भेटीला अप्पा बरोबर आले. त्यांनी माहितीपत्रक हातातही घेतलं नाही. ते आयुष्यभर मालाच्या गाड्या ठरवत आलेत आणि त्यांची एक रीत आहे. गाडीकडे बघायचं नाही, गाडीखालच्या जमिनीकडे बघायचं. मालकाशी बोलायचं नाही, पान्हा हातात असलेल्या माणसाशी बोलायचं. हँगरच्या दारात उभे राहून त्यांनी धोतराचा सोगा सावरला आणि सरळ माझ्या पांढऱ्या विमानापाशी जाऊन उकिडवे बसले.

"हे बघ."

चाकाभोवती गवत उगवलेलं होतं, चांगलं बोटभर. एका चाकाच्या आतल्या बाजूला कोळ्याने जाळं विणलं होतं.

"किती दिस झाले हे हललं न्हाई?" अप्पांनी मेकॅनिकला विचारलं.

मेकॅनिक हसला. "काका, इंजिनाचा एक भाग बाहेरच्या देशातून यायचाय. येतो येतो म्हणतात."

"मंग कागदावर कावून छापलंय?"

"छापलं तेव्हा उडत होतं."

दुसरं विमान चार आसनी होतं, आत पडदेच पडदे, सगळी माहिती रंगीत दिसणारी. ते रोज उडत होतं आणि त्याचा दरही उंचावरच होता. माझ्या पैशात त्याचे जेमतेम चोवीस तास बसत होते. तिसरं एका कोपऱ्यात होतं. दोन आसनी, माझ्याहून वयाने मोठं, रंग दोन ठिकाणी वेगळा, सीटच्या रेक्झिनला चिकटपट्टी. माहितीपत्रकात त्याचा फोटो सगळ्यात लहान होता. पण त्याच्या खाली सिमेंट झाडून स्वच्छ केलेलं होतं आणि चाकं उडून उडून गुळगुळीत झाली होती.

"हे बिघडलं तर?" अप्पांनी विचारलं.

"संध्याकाळपर्यंत उभं करतो," मेकॅनिक म्हणाला. "याचे सगळे भाग मिळतात. आणि याचं दुखणं मला पाठ आहे."

अप्पा माझ्याकडे वळले. "हेच घे. स्वस्त असून उभं ऱ्हायलं तर ते महागच पडतंय."

हिशेब केला. चाळीस तास बसत होते, वर दोन. मी पांढऱ्या विमानाचा निरोप घेतला. छापील कागदाने मला फसवलं होतं आणि गवताने वाचवलं होतं, याचा राग मला परतीच्या वाटेवर गेवराई येईपर्यंत पुरला.

त्या जुन्या विमानावर शिकवणारे सर एकच होते. विदर्भातले, अघळपघळ, मोठ्या पोटाचे. त्यांनी फॉर्म देताना एक अट घातली होती. "तुम्ही आणि मी मिळून एकशे साठ किलो. त्याच्या वर एक किलो नाही. माझे पंच्याऐंशी. तुमचे पंचाहत्तर किंवा खाली असतील तर जागा तुमची." टाकीत पाणी धरू नये म्हणून ती रात्रभर भरलेली ठेवायची तिथली पद्धत होती. त्यामुळे सकाळच्या पहिल्या उड्डाणाला इंधनाचं पूर्ण ओझं असायचं, आणि सरांची मोकळी असलेली वेळ तेवढी पहिलीच होती.

माझं वजन खरं किती, हे आमच्या घरात कुणालाच माहीत नव्हतं. मावशीने स्थळांना पाठवायच्या कागदावर बासष्ट लिहिलं होतं. तिचं म्हणणं, तेवढंच लिहायचं असतं. मला ते मान्य नव्हतं. विमानाच्या फॉर्मवर मी एक ग्रॅमही खोटा लिहिणार नव्हते. म्हणून मी आडतीवर गेले. घरगुती काट्यांवर माझा भरवसा नाही. आडतीचा मोठा लोखंडी काटा, ज्यावर अख्ख्या पंचक्रोशीची तूर मोजली जाते, तोच खरा.

अप्पा जेवायला गेले होते. आमचा म्हातारा हमाल काट्यापाशी बसला होता. मी चढून उभी राहिले.

"पोत्यासकट का बिगरपोत्याचं?" त्याने विचारलं.

"मी काय पोतं हाय का, मामा?"

तो खोखो हसला, वजनं लावली आणि म्हणाला, "चौऱ्याहत्तर."

मी चौऱ्याहत्तर लिहिलं, सही केली आणि फॉर्म पाठवून दिला. पहिल्या सोमवारची जागा मला मिळाली.

त्या सोमवारी पहाटे मी आणि अप्पा पोचलो. सरांनी मला कार्यालयातल्या काट्यावर उभं केलं. सत्त्याहत्तर.

"फॉर्मवर चौऱ्याहत्तर लिहिलंय."

"ते बरोबर आहे," मी म्हटलं. "तुमचा काटा चुकतोय."

"गेल्या महिन्यात तपासलाय."

"सर, आमचा काटा आडतीचा आहे. त्यावर हजारो शेतकऱ्यांचा माल मोजला जातो. तो चुकीचा असेल तर आमच्या भागातली सगळी वजनं चुकीची म्हणायची." माझा आवाज चढत गेला. संस्था साधा काटा नीट ठेवत नाही, महागडं विमान गळ्यात मारायची ही युक्ती आहे, याची मी लेखी तक्रार करणार आहे, असं बरंच काही बोलले. सगळं मला अगदी मनापासून वाटत होतं.

सर रागावले नाहीत. त्यांनी मेकॅनिककडून मापाचा एक डबा आणि रिकामा जार मागवला. आधी जार ठेवला, पाऊण किलो. मग माझ्यासमोर मोजून त्यात वीस लिटर पाणी ओतलं आणि जार पुन्हा काट्यावर ठेवला. पावणे एकवीस. त्यांचा काटा खरा होता.

मी अप्पांकडे बघितलं. ते चष्मा पुसत होते. तो आधीच स्वच्छ होता.

"अप्पा?"

"काट्याला वायसर हाय, माय," ते म्हणाले.

इथे मला थोडं मागे जावं लागेल. आमच्याकडे शेतकऱ्याचा माल मोजताना पोत्याचं वजन, धूळ, ओल अशी कारणं सांगून दोन-तीन किलो आधीच कापून घेतात. त्याला कडता म्हणतात. कॉलेजात असताना मी माझं पहिलं पत्रक लिहिलं ते या कडत्याविरुद्ध. नेकनूरच्या बाजारात, मांजरसुंब्याच्या धाब्यांवर, पार चकलांब्यापर्यंत जाऊन वाटलं. त्याच्या शेवटच्या परिच्छेदात छापलं होतं: "या पत्रकाची लेखिका आडत्याची मुलगी आहे. तिच्या वडिलांच्या दुकानात एक ग्रॅमही कापला जात नाही." छपाईचे पैसे अप्पांनी दिले होते.

"कसला वायसर?" मी विचारलं, जरी मला कळलं होतं.

"वजनं अडकवायच्या आकड्याला तारंनं बांधलाय. बारकी लोखंडी चकती हाय. पर दर मापाला तीन किलो कमी दावतो." सरांकडे न बघता ते जमिनीकडे बघून बोलत होते. "तुझ्या आज्याच्या टायमापासून हाय."

हमालमामाने पोत्यासकट का बिगरपोत्याचं, हे थट्टेने विचारलंच नव्हतं. मला पोतं समजून तोलायचं की वायसरचे तीन किलो परत धरून खरं वजन सांगायचं, एवढंच त्याला विचारायचं होतं. आणि मी त्याला हसवून गप्प केलं होतं.

तेवढ्यात अप्पांना घासाघीस करायची आपली जुनी ताकद आठवली असावी. ते सरांना म्हणाले, "सर, तीन किलोचं काय एवढं? ती ल्हान व्हती तवा तीन किलोचीच तर व्हती. पंचाहत्तर लिवा. कागदच हाय."

सर काही बोलायच्या आत मीच बोलले. "न्हाई लिवायचं. विमानाला कडता न्हाई, अप्पा."

हे बोलताना मला माहीत होतं की जागा जातेय. चार आसनी विमानावर मला चोवीस तासच मिळणार होते आणि चोविसाव्या तासाला मी बॅग भरून एसटीत बसणार होते. तरी तोंडातून निघालं ते निघालं. सरांनी मान हलवली. "मी लिहिलं तरी विमानाला वाचता येत नाही, काका. त्याला जेवढं आहे तेवढंच जड लागतं."

मग अप्पा म्हणाले, "दोघांचे मिळून एकशे साठ, असंच ना?"

"हो."

"म्हंजी दोन किलो जास्तीचं हाय. ते एकट्या पोरीवर कावून? तुमी पंच्याऐंशी हाय. एक किलो तुमी कमी करा, एक ती करंल. फिफ्टी-फिफ्टी."

मेकॅनिक तोंड फिरवून बाहेर गेला, पण हसू ऐकू येत होतं. सरांनी पोटावर हात ठेवला. "काका, वीस वर्षांत माझ्या वजनाचा सौदा कुणी केला नव्हता."

"मंग करा की. आठ दिस द्या."

सरांनी आठ दिवस दिले. पुढच्या सोमवारी दोघांचं मिळून एकशे साठ भरलं तर जागा माझी, नाहीतर रांगेतल्या पुढच्या माणसाची.

येताना आम्ही मांजरसुंब्याला थांबलो. अप्पांनी चहा मागवला. मी काहीच घेतलं नाही, वजनासाठी कमी आणि रागाने जास्त. ते हळूहळू बोलायला लागले. पूर्वी तागाची पोती असायची, ओली झाली की दोन दोन किलोची. त्या वेळी आजोबांनी वायसर बांधला. मग प्लॅस्टिकची पोती आली, हाताने उचलली तर वजनच लागत नाही अशी. वायसर मात्र तिथेच राहिला.

"काढायचं ध्यानात आलं न्हाई तुमच्या?"

"आलं की. लई वेळा आलं." त्यांनी बशीतला चहा फुंकला. "सगळ्यांच्याच काट्याला कायतरी हाय. मी एकट्यानंच काढलं तर लोक म्हणतेल, आदी खात व्हता."

"आणि माझं पत्रक वाचून दाखवलं तवा?"

"तवा तर लईच ध्यानात आलं. म्हून तर छपाईचे पैशे दिले."

मला हसायचं नव्हतं, पण हसू आलंच. मग मी सांगितलं की मी दुरुस्तीचं पत्रक काढणार. छापून खोटं बोलले ते छापूनच मागे घेणार, आमच्या दुकानाचा उल्लेख करून. अप्पांनी बशी खाली ठेवली. रागावतील असं वाटलं होतं.

"काढ. पर उद्या मी वायसर काढतो, मंग छाप. म्हंजी पुन्यांदा खोटं छापायचं न्हाई."

दुसऱ्या दिवशी बाजार होता. त्यांनी भर बाजारात, माल घेऊन आलेल्या लोकांसमोर पक्कड घेऊन तार कापली. शेजारचा आडत्या गादीवरून ओरडला, "काय बे, पोरीला इमानात बसवायला काटा दुरुस्त करायलास का?" हशा पिकला. अप्पाही हसले. चकलांब्याहून आलेल्या एका शेतकऱ्याने मात्र न हसता विचारलं, "आन आमचं मागचं?" अप्पांनी त्या माणसाच्या पाच पोत्यांना त्या दिवशी हमालीही लावली नाही, आणि ते उत्तर नव्हे हे आम्हा दोघांनाही ठाऊक होतं. मी दुरुस्तीच्या पत्रकात ते तसंच लिहिलं. आजही तो माणूस आडतीवर आला की मी त्याच्या नजरेला नजर देऊन बोलते, पण सोपं जात नाही.

वजनाचे आठ दिवस मजेचे गेले. रोज पहाटे मी मांजरसुंब्याच्या रस्त्याने ऊन तापेपर्यंत चालायचे. ओळखीचे एसटीवाले गाडी हळू करून "बसा की ताई" म्हणायचे आणि मी नको म्हटल्यावर त्यांना माझी काळजी वाटायची. घरी आईने आयुष्यभर सगळ्या लढ्यांत मला साथ दिली, या एकात दिली नाही. रोज धपाटे, रोज वर लोणी. "तुला सरकारशी भांडायचंय तर खाऊन भांड," म्हणायची. हे सरकारशी भांडण नाही, हे तिला पटेना. संध्याकाळी मी आडतीवर जाऊन, वायसर नसलेल्या काट्यावर उभी राहायचे आणि हमालमामा मोठ्याने भाव पुकारल्यासारखं वजन पुकारायचा. सत्त्याहत्तर. साडेशहात्तर. पुन्हा सत्त्याहत्तर, त्या दिवशी पुरणपोळी होती. मग पंचाहत्तर. सातव्या दिवशी साडेचौऱ्याहत्तर. गादीवर बसलेले लोक त्यावर पैजा लावायला लागले होते.

सोमवारी पहाटे अप्पा, मी आणि सर कार्यालयात उभे होतो. मी आधी चढले. साडेचौऱ्याहत्तर. माझ्या वाट्याचा एक किलो आणि वर दीड.

"आता तुमी," अप्पा म्हणाले.

सर चढायला जरा वेळ लावत होते. बूट काढले. पट्टा काढला. खिशातल्या किल्ल्या टेबलावर ठेवल्या. चढले. साडेपंच्याऐंशी.

"सर, तुमचं तर अर्धा किलो वाढलंय," मी म्हटलं.

"घरी पाहुणे होते," ते खालमानेने म्हणाले. "शनिवारी भरलं वांगं. रविवारी उरलेलं."

मेकॅनिकने कागदावर बेरीज केली. मग पुन्हा केली. एकशे साठ, वर काहीच नाही. अप्पांनी कागद हातात घेऊन स्वतः तिसऱ्यांदा बेरीज केली आणि समाधानाने परत दिला.

त्या विमानात दोन माणसं खांद्याला खांदा लावूनच बसू शकतात. दार लावताना सरांना श्वास आत ओढावा लागला. इंजिन सुरू झालं तेव्हा पत्र्यापासून सीटपर्यंत सगळं थरथरायला लागलं, आमच्या बाजरीच्या मळणीयंत्रासारखं. धावपट्टीवर आम्ही बराच वेळ नुसते धावत राहिलो. एवढा वेळ की मी मनात सगळी वजनं पुन्हा मोजली, बुटांचंही. मग चाकांचा आवाज थांबला आणि शेतं हळूहळू खाली जाऊ लागली. काही मिनिटांनी सर म्हणाले, "घ्या, तुमच्याकडे," आणि त्यांनी दोन्ही हात मांडीवर ठेवले. मी एवढं घट्ट धरलं की विमानाचं नाक वर गेलं. "म्हशीला धरल्यासारखं नाही," ते म्हणाले. "दोन बोटांनी." मी दोन बोटांनी धरलं. ते म्हातारं विमान सरळ चालू लागलं, जणू त्याला वाट माहीत होती आणि मला फक्त अडथळा आणायचा नव्हता.

उतरलो तेव्हा चाळीसपैकी पाऊण तास झाला होता. अप्पा कुंपणाशी मेकॅनिकशी बोलत उभे होते. सरांनी माझ्या वहीत उड्डाण लिहिलं, सही केली आणि वही परत देताना म्हणाले, "उद्या पहाटे सहाला. आणि रात्री हलकं जेवायचं."

"तुम्हीसुद्धा," मी म्हटलं.